काठोकाठ वाडगा

परदेशी खासदार घरी येणार, तेही मोजून चाळीस मिनिटांसाठी, हे कळल्यावर ओरिन्शाने काय करावं? मुलीचे कागद काढावे? काय बोलायचं ते घोकून ठेवावं? छे! बाई निघाली पीठ मळायला.

"अगं, ते काय तुझे तळलेले बाउर्साक खायला येतायत का?" शेजारची कुल्याश करवादली. "तोगजानचं नाव त्यांच्या यादीत घालायचंय. उद्या ती यादी थेट राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवणार म्हणे."

"मग काय दारी आलेल्याला सुक्या तोंडाने धाडू? लोक शेण घालतील तोंडात."

कुल्याश मागच्या दाराने आली होती. गेली तीन वर्षं ती मागच्याच दाराने यायची. ओरिन्शाची तोगजान शाळेत भूगोल शिकवायची. निवडणुकीनंतर ती चौकात एक कोरा कागद धरून उभी राहिली. कागदावर अक्षर नाही, तोंडातून शब्द नाही, तरी 'मतं खरी मोजा' हे सगळ्या गावाला वाचता आलं. त्याआधी तिने परदेशी वकिलातींना चार पत्रं लिहिली होती. 'आमच्याकडे लक्ष असू द्या', एवढंच. त्या पत्रांपायी सात वर्षांची कैद झाली. गुन्हा काय, तर परक्यांशी संगनमत! आणि इथले साहेब परक्यांना तेल विकतात, त्यांच्या देशात बंगले घेतात, पोरं तिकडे शिकायला ठेवतात, ते काय म्हणे? देशसेवा!

आता तोगजानला खोकल्यातून रक्त पडत होतं. तुरुंगात डॉक्टर येत नव्हता. ज्यांची नावं परदेशी यादीत, त्यांना निदान डॉक्टर तरी मिळतो, असं इतर कैद्यांच्या आया सांगत.

तरीही पाहुण्यांपुढे जेवणाचं कापड अंथरून दस्तरखान भरायचाच. ओरिन्शाच्या घरात काय होतं? दोन टवके उडालेले वाडगे आणि पाव. मग गल्ली हलली. कुणी घोड्याच्या मांसाचा काझी दिला, कुणी सुके जर्दाळू, कुणी पाहुण्यांच्या मानाचं उकडलेलं मेंढीचं डोकं, कुणी भिंतीवरचा गालिचा काढून दिला. सगळं पदराआड, मागच्या दाराने. कुल्याशने लेकीच्या लग्नातले सोनेरी काठाचे वाडगे आणले.

"आणि चहा ओतताना हात आवर," ती म्हणाली. "घाईत काठोकाठ भरशील, पाहुणे समजतील, 'उठा आता', आणि चालू लागतील."

"माझ्या आईने एवढंही शिकवलं नाही का मला?"

पाहुण्यांच्या आधी दुसराच आला. सापाबेक, ओरिन्शाच्या मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ, नगरप्रमुखाच्या कचेरीतला. तीन वर्षांत या माणसाने उंबरा ओलांडला नव्हता. आज जरीचा कोट घालून आला आणि दारासमोरच्या मानाच्या जागी मांडी ठोकून बसला. आयत्या बिळावर नागोबा! थोरल्या दिराला 'ऊठ' कोण म्हणणार?

मग पाहुणे आले. मारेन नावाची उंच, पांढऱ्या केसांची खासदारबाई, तिच्याबरोबर दोन पुरुष, आणि रौशान ही दुभाषी, ती इथलीच. ओरिन्शाने चहा ओतला. तळाशी, घोटभर, मानाचा. घोट संपला की पुन्हा घोटभर. पाहुण्याच्या पोटात अन्न जाण्याआधी आपलं रडगाणं लावायचं नाही, ही रीत. वडीलधारा बोलत असताना सुनेने तोंड घालायचं नाही, हीसुद्धा रीत.

आणि वडीलधारा काही थांबेना. आजोबांच्या घोड्यांबद्दल दहा मिनिटं. यंदाच्या थंडीबद्दल पाच. मेंढीचं डोकं कापून पाहुण्यांना वाढत आणखी दहा. मारेन घड्याळ बघत होती. ओरिन्शा दिराकडे बघत होती.

"पाहा," सापाबेक हात फिरवून म्हणाला, "आमच्याकडे कैद्याच्या घरचा दस्तरखानसुद्धा असा असतो. सरकारला काळजी आहे."

रौशानने भाषांतर केलं. मारेन हसली, मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. रौशान लालबुंद झाली. ओरिन्शाच्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, त्यांनी लिहिलंय की घरच्यांना काही त्रास दिसत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, तर तेवढंच जाईल. यादीत नाव नाही जाणार."

ओरिन्शाने समोर पाहिलं. काझी, जर्दाळू, सोनेरी काठ. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता तिने, आणि वर त्याला तूप लावलं होतं. तिकडे लेक रक्त ओकतेय, आणि इथे आई अब्रू राखत बसलीय. कुणाची अब्रू? या जरीच्या कोटाची!

तिने किटली उचलली आणि सापाबेकच्या वाडग्यात चहा ओतायला लागली. अर्धा झाला, ती थांबली नाही. काठ आला, थांबली नाही. चहा कापडावर सांडला.

"सूनबाई!" सापाबेक ओरडला. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"आजच आलंय ठिकाणावर, भावजी. पोरीला न्यायला गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवर बसून घर कुणी दाखवलं? बोलू का सगळं? प्या चहा आणि निघा!"

मग तिने मागचं दार धाडकन उघडलं. अंगणात बायका कान लावून उभ्याच होत्या.

"या गं! आपापलं घेऊन जा. पुढच्या दाराने न्या!"

कुणी हललं नाही. सापाबेकने फोन काढून दाराकडे रोखला. तेव्हा कुल्याश आत आली.

"नीट काढा हो," ती त्याला म्हणाली. "मतदार कार्डावर माझे डोळे मिटलेले आलेत." तिने आपले वाडगे गोळा केले. काठोकाठ भरलेला तेवढा राहू दिला. "बाईंना सांग," ती रौशानला म्हणाली, "वाडगे माझे. आणि तोगजान आमची. माझ्या नातवाला नकाशा वाचायला तिने शिकवलं."

मग दुसरी आली, तिसरी आली. काझी गेला, जर्दाळू गेले. प्रत्येकीने जाताना स्वतःचं नाव सांगितलं, मोठ्याने, न विचारता. शेवटी त्या दोन पुरुषांना बाजूला सरकायला सांगून गालिचाही गेला. कापडावर पाव उरला आणि टवक्यांचे दोन वाडगे.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चाळीस मिनिटं झाली होती. मारेन गोंधळून उठायला लागली.

"हे माझं घर," ओरिन्शा म्हणाली. "आता बघा ते. खाऊ घातलं ही माझी चूक. पण तुम्ही भरलं ताट बघितलंत आणि आईला एक प्रश्न विचारला नाहीत, ती तुमची. माझी लेक तीन वर्षं बसलीय. तुम्ही दहा मिनिटं बसा!"

रौशानने एक शब्दही मऊ न करता ते सांगितलं.

मारेनने वहीतली ओळ खोडली आणि वही ओरिन्शापुढे सरकवली. सापाबेक केव्हा निघून गेला, कुणी पाहिलं नाही. त्याचा वाडगा तसाच होता.

ओरिन्शाने आधी लेकीचं पूर्ण नाव लिहिलं. मग टवक्याच्या वाडग्यात मारेनसाठी चहा ओतला. तळाशी, घोटभर.