जुन्या पंख्याची टकटक

टक्, टक् करत कॉम्प्युटरमधला पंखा फिरायला लागला आणि दुपारची शांतता मोडली. आमू चटईवरून उठली आणि रोजच्यासारखी टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या डब्याला गाल लावून बसली.

डबा तिच्या वडिलांनी, विलासनं, स्वतः जोडला होता. पंखा बसवताना एक वायर पात्याला जरा जास्तच जवळ राहिली, तीच टकटकायची. पुढच्या खेपेला नीट करतो म्हणून तो हैदराबादला कामावर निघाला, आणि वाटेत बस उलटली. दोन वर्षं झाली, आमूच्या आईनं, दीपमालानं, ती वायर हलवली नव्हती. एकदा आमू रडायची थांबेना, तेव्हा दीपमालाच्या तोंडून निघून गेलं होतं, ऐक, आत अप्पा काम करायलेत.

पण या उन्हाळ्यात मशीन तापून मधेच बंद पडायचं. लग्नपत्रिका अर्ध्यावर आणि गिऱ्हाईक दारात. कमलनगरात आता पत्रिका छापणारे दुसरेही झाले होते. म्हणून विलासचा दोस्त सुनीलकुमार बीदरहून कॉम्प्युटरच्या आत बसणारा मोठा पंखा, कूलर, घेऊन आला होता. चालवून बघा, पसंत नसला तर दुकानदार परत घेतो, म्हणाला. आधी जुन्याची परीक्षा झाली. दीपमाला एकामागून एक फोटो उघडत गेली, तापमानाचा आकडा चढत गेला आणि पडदा काळा झाला.

सुनीलकुमारनं जुना पंखा काढला. त्याच्या खालच्या धातूवर उष्णता ओढून घेणारा पांढरा लेप वाळून बसला होता, आणि कडेला अंगठ्याचा ठसा.

"कितींदा सांगितलो विलासला, लेप बोटानं लावू नको म्हणून," तो हसत म्हणाला. मग त्याचं हसू विरून गेलं.

प्रोसेसरवरचा लेप त्यानं पुसला. ठशासकट पंखा दीपमालानं पदरात घेतला.

नवा बसला. तिनं तेच फोटो उघडले, मग आणखी, गरज नव्हती तेही. आकडा थोडा चढला आणि तिथंच बसला. तिनं आत हात लावून बघितलं. नुसतं कोमट.

"ठेवू का परत नेऊ, वैनी? आवाज तर बिलकुल न्हाई बघा."

तिनं अर्धी राहिलेली पत्रिका पडद्यावर उघडली.

"ठेवा, अण्णा."

तिचं बोट पदरातल्या पंख्याचं पातं उगाच फिरवत राहिलं. टेबलाखाली आमूनं एक कान काढून दुसरा लावला. डब्यावर हळूच टिचकी मारली.

"आई, अप्पा कामून थांबले?"