मी बसल्यावर मोजा

"चाचा, ह्या गाडीचं स्पीडचं मीटर थापा मारतंय व्हय?" मैत्रिणींनी 'विचारून दाखव' अशी पैज लावली म्हणून उचगावच्या गॅरेजात खिजरचाचांना मी विचारलंच.

"मोठी टायरं घातलीत, म्हणून चुकतंय," ते म्हणाले. चार जाड चाकांच्या त्या उघड्या एटीव्हीच्या टायरवर खडूची खूण करून त्यांनी गाडी चाकाच्या एका फेऱ्याएवढी ढकलली आणि ते अंतर टेपनं मोजून मीटरमध्ये भरलं. चक्कर मारली, तर आता मीटर मोबाईलच्या जीपीएसपेक्षा दोन किलोमीटरनं पुढं!

"चाचा, माणूस बसल्यावर हे फुगीर टायर दबतं की! मी बसते, परत मोजा."

"आयला! माझ्या ध्यानातच न्हाय आलं, पोरी!"

या खेपेला मीटरवर तीस, मोबाईलवरही तीस. मैत्रिणींनी शिट्ट्याच मारल्या.

घरी चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आई, पप्पा, मला डॉक्टर करायचं तुमचं राहू दे. दहावीनंतर मी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करणार!"