समुद्रातला सांधा

निघायच्या आदल्या दिवशी बाबा भिलाईत, रुआबांध्याच्या घरी, अंगणात खाट टाकून केबलचा तुकडा सोलत बसले होते. स्टील प्लांटमधून निवृत्त झाले तरी केबल जोडणारा म्हणून त्यांचं नाव टिकून होतं. आता एका ठेकेदारानं त्यांना दक्षिणेच्या किनाऱ्यावर बोलावलं होतं. समुद्राच्या तळातून शेजारच्या देशात वीज नेणारी केबल तिथं जमिनीवर येणार होती.

शेजारचे शालिकराम विचारून गेले, हेल्मेट पुरेल की पाणबुड्याचा ड्रेस शिवायचा. बाबा हसले. मग मला म्हणाले, प्लांटातली केबल या वर्कशॉपपासून त्या वर्कशॉपपर्यंत. ही इतकी लांब, की बंद केली तरी करंट आत साचून राहतो.

"किती वेळ?"

"मले नाई माहीत. तिथले लोक सांगतीन."

केबलबद्दल 'माहीत नाही' असं बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन त्यांचे सदरे बॅगेत भरले.

तिथल्या लोकांनी सांगितलं नाही. चाचणीनंतर साचलेली वीज उतरेपर्यंत केबल जमिनीला जोडून ठेवायची असते. कुणीतरी ती जोडणी लवकर काढली. बाबांनी हात लावला.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला ठेकेदाराचा माणूस आला, विजयकुमार. बुद्धवंदना संपेपर्यंत मागं हात जोडून उभा राहिला. मग आईला म्हणाला, बाबांची जागा नागसेनसाठी राखून ठेवली आहे, केबलचा एक सांधा जोडायचा उरलाय. नागसेन माझा धाकटा भाऊ, हे काम बाबांच्याच हाताखाली शिकलेला.

जमलेल्यांच्या चेहऱ्यांवर त्या दिवसात पहिल्यांदा समाधान दिसलं. भिलाईत बाप कामावर वारला की जागा पोराला मिळावी लागते. नाही मिळाली तर लोक प्लांटच्या गेटवर धरणं धरून बसतात. शालिकराम विजयकुमारचे हात धरून आभार मानत होते. आईनंही मान डोलावली.

आता जमिनीची जोडणी किती वेळ ठेवतात, मी विजयकुमारला विचारलं.

"दीदी, वहाँ सब सिस्टम से होता है," तो म्हणाला. उद्घाटनाची तारीख ठरली होती. दोन्ही देशांचे मंत्री येणार होते.

नागसेन उठला. "ताई, माहं आधार कार्ड कुठी ठेवलं तू?"

कार्ड कपाटात होतं. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

"नको जाऊ," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. "मले भेव लागून राहिलं. बाबा निघाले तवाबी लागत होतं."