थरथर काढून टाकलेला रिमोट

मी व्हिडिओ गेमचा एक जुना रिमोट आहे. मित्रांनो, आता माझी बटणं दाबली की आत रुततात आणि वर यायला विसरतात. दमलोय मी. पण एके काळी मला भारी मिजास होती. माझ्या पोटात एक बारकी मोटर होती. पडद्यावर गाडी धडकली की मी खेळणाऱ्याच्या हातात थरथरायचो. दुकानदार प्रत्येकाला तेच सांगायचा, "खेळ हातात कळतोय बघा, पावणं."

२००३ च्या दिवाळीत उचगावच्या यल्लाप्पांनी मला लेकीसाठी, दीक्षासाठी घेतलं. ते शिरोली एमआयडीसीत कामाला. भट्टीतून निघालेल्या ओबडधोबड लोखंडावर दिवसभर ग्राइंडर धरायचा, हे त्यांचं काम. दीक्षा उठायच्या आत ते घराबाहेर पडायचे. सुट्टीचा दिवस तेवढा तिचा. त्या दिवशी तिला पप्पांबरोबर पाळीपाळीनं गाडी पळवायची असायची.

पप्पा बसायचेही. पण गाडी एकदा धडकली की रेस अर्धी सोडून मला खाली ठेवायचे. हात मांडीखाली दाबून म्हणायचे, तूच खेळ, मी बघतो. दर सुट्टीला हेच. पप्पांना आपल्याशी खेळायचंच नाही, असं दीक्षाला वाटायला लागलं. शेवटी ती रुसून म्हणालीच, "हरायला लागला की खेळ सोडताय तुम्ही."

यल्लाप्पांनी मांडीखालचे हात काढून तिच्यापुढं धरले.

"तसं न्हाय गं. दिवसभर मशीन हात हलवतंय. घरात आलं तरी बोटांतल्या मुंग्या जात न्हाईत. ह्यो थरथरला की वाटतंय, सुट्टीबी कामावरच गेली."

दीक्षानं मला उचललं. माझी थरथर बंद करायचं बटण कुठं नव्हतंच. ती आईच्या शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. मोडशील, म्हणून आईनं हटकलं. तरी तिनं माझं पोट उघडलं आणि मोटरची वायर तोडली. खरं सांगतो, फार लागलं. ज्यासाठी मला घेतलं, तेच गेलं. आता मला कोण विचारणार?

पुन्हा खेळ सुरू झाला. गाडी भिंतीवर आदळली आणि मी गप्प राहिलो. यल्लाप्पांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"आता धडकल्यालं कळायचं कसं?"

"मी सांगती की," म्हणत दीक्षानं त्यांच्या दंडाला खांद्यानं ढुशी दिली. ते हसले. मला खाली ठेवलं नाही. जेवायची हाक आली, तरी ठेवलं नाही.

पुढं हवेत हलवायचे रिमोट आले, आणखी कसले कसले आले. त्यांना मी नावं ठेवत नाही. कुणाला त्यात गंमत वाटतही असेल. मित्रांनो, एवढंच करा. कुणाच्या हातात काही देण्याआधी तो हात जरा आपल्या हातात घेऊन बघत जा.