दिवा गेला आणि मी गप्प राहिलो

मित्रांनो, उजेड मोजणारा मी एक जुना सेन्सर आहे. डाळीएवढा माझा जीव, पण मिजास केवढी होती म्हणून सांगू! पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हेमाने विचारलं, "टिकेल ना हा?" दुकानदार अकबरभाई पुडी बांधत म्हणाले, "टिकेल की. तोडायला नेताय का?"

हेमाच्या आईचे, वासंतीबाईंचे, डोळे काचबिंदूने अधू झाले होते. नवरात्रातला नंदादीप त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही विझू दिला नव्हता. आता ज्योत नीट दिसेना, म्हणून त्या घडीघडी उठून तिच्याजवळ तळहात नेत आणि ऊब बघत. दोनदा हात पोळला, तेव्हा हेमाने मला आणलं. माझ्या एका पायाला वीज, दुसऱ्याला रेझिस्टर आणि तिथूनच एक तार मायक्रोकंट्रोलर नावाच्या इवल्या संगणकाला, असं डाग देऊन जोडलं. काळ्या कागदाच्या नळीतून मी ज्योतीकडे बघायचं. ती मंदावली की मायक्रोकंट्रोलरने बझर वाजवायचा.

"आई, आता हात न्यायचा नाही हं," हेमाने बजावलं.

सात दिवस आम्ही चोख काम केलं. वासंतीबाई मला 'पहारेकरी' म्हणू लागल्या. मी फुशारून गेलो.

आठव्या दिवशी संध्याकाळी हेमाने हौसेने देवामागे लाइटचं तोरण लावलं, नेमकं माझ्या नळीसमोर, आणि ती फुलं आणायला मंडईत गेली. तेल संपलं, ज्योत गेली. मला मात्र भरपूर उजेड दिसत होता. तो कुणाचा, हे मला कुठे कळतंय? बझर वाजलाच नाही. वासंतीबाई समोरच जप करत बसल्या होत्या.

हेमा परतली आणि दारातच थबकली. "आई, दिवा..."

"आहे की. दिसतोय मला."

हेमाने पुढे होऊन तोरण बंद केलं. मग वासंतीबाईंनी हात पुढे नेला. दिवा गार होता.

"म्हणजे एवढंही दिसत नाही मला आता," त्या म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून रडल्या.

तेव्हापासून मी बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. दर नवरात्रात आवाज कानी येतो. हेमा आईचा हात धरून ज्योतीजवळ नेते आणि विचारते, "लागते का ऊब?"

मित्रांनो, आम्हाला खुशाल कामाला लावा. पण आपल्या आईजवळ आम्हाला बसवून स्वतः उठून जाऊ नका.