दोन भुवयांमधली जागा

"आई, ग्लॅबेला म्हणजे काय गं?" बाबांच्या सलूनमधल्या फिरत्या खुर्चीत गिरकी घेत भिंगरीनं विचारलं. "उद्याच्या स्पर्धेत शरीराच्या भागांची लॅटिन नावं आहेत. बाकी सगळी आली, ही एकच बया डोक्यात शिरत नाहीये."

आई नुकतीच हॉस्पिटलमधून येऊन बाकावर टेकली होती. मेंदूच्या आजारांच्या ओपीडीत दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत गोळे आले होते. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवराही म्हणायचा, आणि वर गिऱ्हाइकांना सांगायचा, "बघा आमच्या संसाराची तऱ्हा."

"दोन भुवयांच्या मधली, नाकाच्या वरची सपाट जागा," सिस्टर म्हणाली. "ग्लॅबर म्हणजे बिनकेसांचा, गुळगुळीत. त्यावरून ते नाव."

"बिनकेसांचा?" आरसा पुसता पुसता बाबा म्हणाले. "म्हणजे ते नाव माझ्या जिवावर टिकलंय. मी नसतो, तर गल्लीतल्या निम्म्या भुवयांनी एकमेकींच्या गळ्यात हात घातले असते."

भिंगरी खो खो हसली. बाबांचा चेहरा मात्र इस्त्री मारल्यासारखा. हल्ली हे असंच. विनोद पूर्वीचेच, पण सांगणारा हसायचा नाही. मध्यंतरी सिस्टरनं महिनाभर रात्रपाळी घेतली, त्यावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासूनच हे तोंड, असं सिस्टरनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मग तीही हट्टाला पेटली. ताट वाढायचं, कामापुरतं बोलायचं, पाठ फिरवून झोपायचं.

"पण हा शब्द वापरतं कोण?"

"आमचे डॉक्टर. तिथे बोटानं हलकेच टकटक करतात. सुरुवातीला पापण्या लवतात, मग डोळ्यांना सवय होते आणि लवणं थांबतं. नाहीच थांबलं, तर डॉक्टर पुढचं तपासतात."

"बाबांवर करून दाखव ना."

भिंगरी उठली, बाबा निमूट खुर्चीत बसले. "गिऱ्हाईक गरीब आहे, सिस्टर. सांभाळून."

हात दिसला तर डोळे तसेही मिटतात, म्हणून हे मागून करायचं असतं. नवरा रोज जिथे उभा राहायचा, तिथे ती उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावरून हात पुढे नेला. किती दिवसांनी शिवत होती ती त्याला.

टक, टक, टक. समोरच्या आरशात पापण्या लवल्या. पुन्हा लवल्या. लवतच राहिल्या.

"बाबा, नाटक नको ना. मला नीट बघू द्या."

"मी काही करत नाहीये गं."

आवाज किती खोल गेलाय, हे सिस्टरला आत्ता ऐकू आलं. थांबायला हवं होतं, पण बोट थांबेना. आता लवणं थांबेल, आता थांबेल. आरशातला तो चेहरा तिनं रोज पाहिला होता, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या कंपवाताच्या पेशंटांचा. त्यांच्या बायकांना तिनंच समजावलं होतं, "रागावलेले नाहीत हो ते. चेहऱ्याचे स्नायू आखडलेत."

तिचं बोट भुवयांच्या मध्ये तसंच टेकून राहिलं.

"हात कसा आहे?" तिनं विचारलं.

"उजवा ऐकत नाही. दाढी करणं सोडलंय मी. लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरायचा म्हणजे..." ते थांबले. "तुला सांगणार होतो. पण तू बोलतच नव्हतीस."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"मी? तुझ्यावर?" बाबा म्हणाले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

भिंगरी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "काय झालंय, आई?"

"एवढ्यावरून काही ठरत नसतं," सिस्टर म्हणाली, पेशंटशी बोलायच्या आवाजात. मग आपल्या आवाजात म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला."

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. "दाढी-कटिंग."

बाबा खुर्चीच्या हातांवर भार देत उठले. "दाढी बंद केलीय. केस कापतो. बसा."

गिऱ्हाईक बसलं. बाबांनी पांढरं कापड झटकून त्याच्या अंगावर पसरलं. मानेमागे दोन्ही नाड्या धरल्या, पण गाठ काही बसेना. सिस्टर पुढे झाली. तिनं त्या नाड्या त्यांच्या बोटांतून घेतल्या.

"फार आवळू नकोस," बाबा म्हणाले.

"नाही," ती म्हणाली, आणि गाठ मारून झाल्यावरही तिथेच, त्यांच्या शेजारी उभी राहिली.