एका पिस्तुलामागे एक नाव

पुठ्ठ्यावरच्या पाच भोकांवर रूपरावनं एका आण्याचं नाणं ठेवलं. चार भोकं झाकली गेली, पाचव्याची कड नाण्याच्या कंगोऱ्याबाहेर तांदळाच्या कणीएवढी उरली. त्यानं नाणं किंचित सरकवलं, तेव्हा तीही झाकली गेली. ही भोकं त्याच्या बायकोची, नलूची होती. त्याच्या स्वतःच्या पाचांना झाकायला तसली तीन नाणी लागत होती.

रूपराव देवळीच्या एका जिनात फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते तो सांगे, आणि पार अल्लीपूरहून त्याला बोलावणं येई. सत्तेचाळीस साली गोरा मॅनेजर जाताना त्याला आपलं हवेचं पिस्तूल देऊन गेला. नळी बिजागरीवर खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबायची, मग छर्रा भरायचा आणि चाप ओढायचा. आठ वर्षं ते ट्रंकेत पडून होतं. यंदा वर्ध्याच्या एका क्लबानं दसऱ्यानंतर नेमबाजीचे सामने ठेवले आणि रूपरावनं पिस्तूल बाहेर काढलं. क्लबाचा नियम असा, की एका पिस्तुलामागे एकच नाव. तेव्हा नावाचा प्रश्नच नव्हता. पिस्तूल त्याचं, म्हणजे नावही त्याचंच.

पावसाळ्यात जिन बंद असे, नुसती दुरुस्तीची कामं चालत. त्या सवडीत त्यानं पिस्तूल सुधारायला घेतलं. त्याची रीत ठरलेली होती: एका वेळी एकच भाग बदलायचा आणि बदल लागला की नाही ते कोऱ्या हाताकडून तपासायचं. सवयीचा हात यंत्राची खोड सांभाळून घेतो, नवखा हात घेत नाही. जिनात नवा पट्टा चढवला की तो मुद्दाम नव्या मजुराला मशीनवर उभा करी. पिस्तुलासाठी कोरा हात घरातच होता. दर रविवारी सकाळी, जिनाच्या मागं सरकीच्या पोत्यांना पुठ्ठा टाचून, आधी तो पाच बार काढी आणि मग नलू. चौथी पास झालेली नलू वहीत लिहून ठेवी: तारीख, बदललेला भाग, दोघांचे गुण.

"तुह्या पाचावरून मले पिस्तुलाचं समजते," तो तिला सांगे.

त्यानं नेम धरायची पुढची माशी कानशीनं बारीक केली. मागची खाच चौकोनी केली. चाप अडखळत होता, त्याच्या आतली आकडी दगडावर घासून गुळगुळीत केली. प्रत्येक बदलानंतर त्याचे गुण एकदोनानं वाढत, नलूचे पाचसहानं. पहिल्या महिन्यात त्याला याचा आनंदच झाला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या ध्यानात आलं, की पिस्तुलाची खोड जसजशी कमी होत होती, तसतसा हाताचा खरेपणा उघडा पडत होता.

बॉयलरवरचे बाबाराव एकदा बघायला आले. नलूचा पुठ्ठा हातात धरून म्हणाले, "रूपराव, तू नुसता लोहार झाला न बाप्पा. तलवार तं वहिनीची हाये."

रूपराव हसला. पण ते बोलणं चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. पुढच्या रविवारपासून तो छर्रे निवडू लागला. गोल, नितळ असतील ते आपल्याला, कडा चेपलेले तिला. तपासणीला चालतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. नलूनं ते तळहातावर घेऊन पाहिले आणि तसेच भरले. त्या दिवशी तिचे गुण चारानं उतरले, आणि रूपराव दोन भाकरी जास्त जेवला.

मग पिस्तुलात हवा दाबणाऱ्या दट्ट्याचा चामड्याचा वायसर झिजला आणि हवा सुटू लागली. त्यानं म्हशीच्या चामड्याचा नवा वायसर कापला आणि घरात स्वयंपाकाला असतं तेच जवसाचं तेल त्याला दोन दिवस पाजलं. पहिल्या रविवारी जादा तेल आत पेटून पिस्तूल धूर सोडत फटाक्यासारखं वाजलं, छर्रे सरकीत बोटभर जास्त खोल गेले. तिसऱ्या रविवारी दोघांचेही बार खाली पडायला लागले, अगदी सारखेच. वाईट वाटायच्या ऐवजी रूपरावला हलकं वाटलं. क्लबाचे प्रभाकरराव नाव लिहून घ्यायला येत, आणि "बघू" म्हणून त्यानं त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. आता पिस्तूलच बिघडलं म्हटल्यावर कुणाचंच नाव द्यायला नको.

त्या दिवशी जेवताना नलू म्हणाली, "चामडं आखडलं असंल. जवसाच्या तेलाची बरणी पाह्यली नाई का तुमी? काठावरचं तेल वाळून रबरासारखं होते, नखानं खरडा लागते. एरंडेल नाई वाळत. गाडीच्या आसाले काऊन एरंडेल देतेत मंग?"

जेवण झाल्यावर त्यानं दट्ट्या काढून पाहिला. वायसरावर पिवळी चिकट साय चढली होती आणि चामडं लाकडासारखं कडक झालं होतं. वीस वर्षं तेलात हात असलेल्या फिटराला जे दिसलं नाही, ते बरणी घासणारीला दिसलं होतं. नेम तर तिचा होताच, आता आपलं कसबही तिच्याकडे चाललं, असं त्याला वाटलं. दट्ट्या तसाच परत घालावा, हेही मनात येऊन गेलं. पण बिघाड कळल्यावर यंत्र तसंच सोडणं त्याच्या हाताला जमेना. दात आवळूनच त्यानं नवं चामडं एरंडेलात भिजवलं.

आणि आज ती पाच भोकं त्याच्या बोटाशी, नाण्याखाली होती. प्रभाकरराव लिंबाला सायकल टेकवून उभे होते. आज नाव हवंच, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. गेल्या काही रविवारांचे गुण वाचून दाखवा, म्हणाले, म्हणून रूपरावनं वही उघडली.

इतके दिवस त्यानं वहीतले फक्त आकडे पाहिले होते. आज आकड्यांच्या शेजारची बारीक अक्षरं दिसली. त्याच्या गुणांपुढं लिहिलं होतं, 'निवडलेले छर्रे'. तिच्या गुणांपुढं, 'चेपलेले'. मागच्या सहा रविवारी तसंच होतं, आजही तसंच होतं. त्यात कुठं तक्रार नव्हती. माशी घासली, आकडी घासली, हे जसं लिहिलं होतं, तसाच तिनं हाही बदल लिहून ठेवला होता.

त्यानं वर पाहिलं. नलू पोत्यावर बसून फडक्यानं नळी पुसत होती.

"मग तुमचंच लिहू ना, रूपराव?" प्रभाकररावांनी पेनाचं टोपण उघडत विचारलं.

"लिहा त्यायचंच," नलू मान वर न करता म्हणाली. "पिस्तूल त्यायचं हाये."

रूपरावच्या छातीत जळत होतं ते विझलं नव्हतं. वर्ध्याला लोक हिच्यासाठी टाळ्या वाजवतील आणि आपण मागं पिशवी धरून उभे असू, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्यानं वही मिटली.

"माहं नाई," तो म्हणाला. "नलूचं लिहा."